वालाच्या दाण्यांची मोजणी

मी मोजलं होतं ते बरोबर होतं. हे तेव्हा मी तोंडाने कुणाला सांगितलं नाही. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, लहानपणापासूनच. शाळेत गुरुजींनी उभं केलं की उत्तर येत असूनही मी पाटीकडे बघत राहायचे. चौथीनंतर शाळा सुटली. पण अक्षर बरं आहे आणि राग अजून गेलेला नाही, म्हणून ही वही.

नव्वद सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. लग्नाला तिसरं वर्ष लागलं आणि माझा नवरा गेला. सासरच्यांनी मला मोठ्या बहिणीकडे आणून सोडलं. जिते स्टेशनवर उतरून पंधरा मिनिटं चाललं की ताईचं घर. भाताची शेती, आणि भात निघालं की त्याच ओलीवर वाल. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई नव्हती, तेव्हा माझ्या वेण्या तिनेच घातल्या, मला शाळेत तिनेच नेलं. माझे दाजी, म्हणजे तिचे यजमान, फार बोलत नसत. त्या घरात मला कुणी परकं म्हटलं नाही.

दिवाळीनंतर घाटावरून धनगर मेंढ्या घेऊन खाली उतरतात. त्यांचे कळप आम्ही रिकाम्या शेतात बसवून घेतो, जमिनीला खत होतं. त्यांच्यातल्या एका बाईजवळ बसून बसून मी मेंढीचं सगळं शिकले. खूर कसा तासायचा, पोट फुगलं तर काय द्यायचं, मेंढी आजारी पडणार हे आदल्या दिवशी तिच्या कानावरून कसं ओळखायचं. त्याच माहितीवर मला नोकरी लागली. रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत एक औषधाची कंपनी होती. तिथे सहा मेंढ्या सांभाळायला बाई हवी होती.

ताई पोट धरून हसली. "औषधाची कंपनी म्हनं, आनि काम काय, तर मेंढ्या वळायच्या. आपल्या शेतात फुकट वळायचीस, आता पगार घे गो."

कंपनीला मेंढ्या कशाला लागतात हे मलाही आधी कळलं नाही. लागायचं ते त्यांचं रक्त. आठवड्यातून एकदा टेक्निशियन सुई घेऊन यायचा. मी मेंढीचं डोकं मांडीत धरायचे, मानेवरची लोकर बाजूला करायचे आणि तो बाटलीत थोडं रक्त काढून घ्यायचा. पंचविशीतला मुलगा, आमच्या पेण तालुक्यातलाच. मेंढीला जाम घाबरायचा.

"मावशी, ती बघतेय माझ्याकडे."

"बघू दे. तुमाला मुली बघायच्या हायत, तिला नाय बघायचं काय?"

मेंढ्यांसमोर मला असं बोलता यायचं. साहेब समोर आले की बंद.

शेडला लागूनच मला खोली होती. आठवडाभर मी रोह्याला राहायचे आणि शनिवारी दुपारच्या पॅसेंजरने जित्याला जायचे. मेंढ्यांना कोकणचा पाऊस सोसत नाही, खुरात पाणी राहून खूर कुजतात. मी शेडमध्ये फळ्यांचा माच करून घेतला, रोज लाल औषधाच्या पाण्याने पाय धुतले. दोन पावसाळ्यांत एकही मेंढी मेली नाही. हे मी उगाच मोठेपणा म्हणून लिहीत नाही. काम नीट करणारी बाई म्हणून मला तिथे सगळे ओळखत होते, एवढंच सांगायचं आहे, कारण पुढे तेच नेमकं सगळे विसरले.

लॅबमधलं काम काय ते मला मॅडमनी सांगितलं. मॅडम म्हणजे नुकतीच शिकून आलेली एक मुलगी, साहेबांच्या हाताखाली. त्यांनी मला खुर्चीवर बसवून सांगितलं होतं. माणसाच्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या रोगाशी लढतात. त्यांच्या अंगावर पकडायच्या जागा असतात. त्यातल्या काही पेशींच्या जागांना मेंढीच्या लाल पेशी आपसूक चिकटतात. मग त्या पेशींत निरनिराळ्या पुडी घालून बघायचं. पूड घातल्यावर कमी चिकटल्या, तर पुडीने त्या जागा झाकल्या, म्हणजे पेशी जरा शांत झाली असं धरायचं. काही आजारांत ह्या पेशी आपल्याच अंगावर उठतात, आपलेच सांधे खातात. अशा माणसाला असलं औषध हवं. मुळ्यांच्या, सालींच्या, कारखान्यात बनवलेल्या अशा कितीतरी पुडी नंबर घालून कपाटात ठेवल्या होत्या. एकेक करून सगळ्या तपासायच्या. बहुतेक पुडी नापास व्हायच्या.

माणसाचं रक्त आमचंच असायचं. वॉचमन, ड्रायव्हर, कधी मी. बिस्किटाचा पुडा मिळायचा.

सांधे खातात हे ऐकलं आणि माझं लक्ष तिथेच अडकलं. ताईचे हात तेव्हा दोन वर्षांपासून जात चालले होते. सकाळी बोटं भाजल्यासारखी सुजलेली असायची, मूठ वळायची नाही. चोळीचे हुक तिला लावता येत नव्हते. ते दाजी लावायचे, आणि शेजारीण आली की ती लाजून पाठ भिंतीला लावायची. पेणच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हाच आजार सांगितला होता. त्यांच्या गोळ्या चालू होत्या. त्या गोळ्यांनी तिच्या पोटात आग पडायची, पण हात तरी थोडे चालत.

एका शनिवारी मी तिला सगळं सांगितलं. पेशी, पकडायच्या जागा, पूड. आमच्याकडे एकोणीस नंबरची पूड निघाली आहे, तिच्याने खूपच कमी चिकटतात, साहेब खूश आहेत, हेही सांगितलं. ही माझी चूक. दुसरी कुठली मी केली नाही, ही केली.

ताई ऐकत राहिली. मग हात पदरात घेऊन म्हणाली, "कधी मिळंल?"

"अजून तपासायची हाय."

"तू हायस ना तिथं. लवकर तपासायला सांग."

त्यानंतर दर शनिवारी उंबऱ्यातच विचारायची, "काय गो, एकोनीस काय म्हंते?" घरातलंच कुणी असावं तसं तिने त्या पुडीला करून टाकलं.

आता मोजणीकडे येते. पेशी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्या की सकाळी त्यांचा एक थेंब काचेवर घ्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली मोजायचं. मधे एक फिकट गोल पेशी आणि तिच्याभोवती लहान तांबूस पेशी चिकटलेल्या, अबोलीचा गच्च वळेसर गुंडाळून ठेवावा तशा. त्याला ते फूल म्हणायचे. तीन किंवा जास्त चिकटल्या असतील तर फूल, दोन असतील तर नाही. एका काचेवर दोनशे पांढऱ्या पेशी बघायच्या आणि त्यांतली फुलं किती ते लिहायचं. दिवसाला दहा-बारा काचा. टेक्निशियनच्या डोळ्यांना पाणी यायचं. एकदा शेडमधून रक्ताची बाटली द्यायला गेले तेव्हा तो म्हणाला, "मावशी, जरा बघा, ही तुम्हाला किती दिसतात?"

मी बघितलं. सुपात तांदूळ निवडावे तसंच होतं ते. खडा कुठला, भाताचं टरफल कुठलं, हे बघायला बाईला शिकवावं लागत नाही. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. काही लाल पेशी चिकटलेल्या नसतात, नुसत्या शेजारी पडलेल्या असतात. काचेला नखाने हलकेच टिचकी मारली की पडलेल्या सरकतात, चिकटलेल्या मात्र त्या पांढऱ्या पेशीबरोबरच हलतात. टेक्निशियनला हे दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "हे तर मॅडमनी पण नाही सांगितलं."

त्या दिवसापासून निम्म्या काचा तो मला द्यायचा. वहीत मात्र सही त्याची. मला त्यात काही वाटत नव्हतं. मला बघायला आवडायचं.

तोंडाने मोजलं की मधे कुणी हाक मारली तर आकडा हरवतो. म्हणून मी घरून वाल नेले. दोनशे दाणे मोजून एका वाटीत ठेवायचे. डोळा मायक्रोस्कोपला, हात वाटीत. फूल दिसलं की एक दाणा उजव्या ताटलीत, नुसती पेशी दिसली की डाव्या ताटलीत. वाटी रिकामी झाली की दोनशे झाल्या. मग उजव्या ताटलीतले दाणे मोजायचे. आकडा हरवायला जागाच नाही. टेक्निशियन थट्टा करायचा, "मावशी, मोजून झालं की बिरडं करा." पण नंतर तोही वालाचे दाणे मागायला लागला.

मग त्याचं लग्न ठरलं आणि तो तीन आठवड्यांच्या रजेवर गेला. एकोणीस नंबरच्या शेवटच्या तपासण्या तेवढ्यातच पुऱ्या करायच्या होत्या, कारण मुंबईहून मोठी माणसं येणार होती. त्यांना पटलं की पूड रोग्यांना देऊन बघायला डॉक्टरांकडे द्यायची होती. साहेबांनी मॅडमना विचारलं, "मोजणार कोण?" मॅडम म्हणाल्या, "बाई मोजतात. चांगलं मोजतात." साहेब म्हणाले, "ठीक आहे, मोजू द्या." हे त्यांचे शब्द. मी दाराबाहेर उभी होते, माझ्या कानांनी ऐकलेले आहेत.

काचांवर इंग्रजी अक्षरं असायची. कुठल्या अक्षराची काच म्हणजे एकोणीस नंबर, कुठली म्हणजे नुसतं मिठाचं पाणी, हे मॅडमच्या वहीत. मला इंग्रजी आकडे येत होते, कॅलेंडरवरून शिकलेले. अक्षरं येत नव्हती. मी ती चित्रं उतरवावी तशी उतरवायचे आणि पुढे आकडा लिहायचे. एक अक्षर पोट आलेल्या बाईसारखं होतं, एक मोडक्या खुर्चीसारखं. त्यातली एकोणीस नंबरची कुठली, हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही, कारण विचारायचा मला धीरच नसतो.

तीन आठवडे मोजलं. शेवटी मॅडमनी माझी आणि त्यांची वही शेजारी ठेवून बघितली. मग चार-पाच काचा त्यांनी स्वतः मोजल्या. त्यांचा आकडाही माझ्या जवळपासच आला.

"बाई, एकोणीस नंबर आणि मिठाचं पाणी सारखंच येतंय," त्या म्हणाल्या.

मला आधी वाटलं, माझंच काही चुकलं. मग ताईचे हात डोळ्यांसमोर आले. मला ती पूड लागू पडायला हवी होती. त्या लॅबमध्ये माझ्याइतकी कुणाला हवी नसेल. कुठलं अक्षर एकोणीसचं हे मला कळलं असतं, तर मलाही फुलं कमीच दिसली असती, हे मी इथे कबूल करते. ज्याला फूल नको असतं त्याला दोन चिकटलेल्या दिसतात, तिसरी दिसत नाही. टेक्निशियनचं तेच झालं होतं. तो खोटा मुलगा नव्हता. त्याला अक्षरं येत होती, एवढंच.

साहेबांनी मला बोलावलं तेव्हा टेक्निशियन हळदीच्या अंगाने कामावर परत आला होता. साहेब, तो, मॅडम आणि मी. साहेबांचा आवाज कधी चढत नसे. त्यांनी टेबलावर मायक्रोस्कोप ठेवला होता आणि शेजारी माझी वालाची वाटी.

"बाई, तुम्ही कसं मोजता ते जरा दाखवा. मोठ्याने."

दाणे टाकण्यापर्यंत ठीक गेलं. मग उजव्या ताटलीतले दाणे मोजायची वेळ आली. मी सुरू केलं, "लाभ, दोन, तीन, चार..."

"थांबा. पहिला काय म्हणालात?"

आमच्याकडे खळ्यावर भात मोजताना पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मग दोन, तीन. माझे वडील तसंच मोजायचे, दाजी तसंच मोजतात. दाणा समोर आला की माझ्या तोंडात तेच येतं. लाभ म्हणजे एकच. पायली काही हवेत जात नाही.

हे सगळं मला सांगायचं होतं. तोंडातून निघालं एवढंच, "आमच्यात तसंच म्हणतात."

साहेब हसले. टेक्निशियनही हसला, आणि पेणचा असून हसला, त्याच्या घरीही लाभच म्हणत असणार. साहेब मॅडमकडे वळून म्हणाले, "बघा. ह्यांच्या मोजणीत एक नाहीच. आणि तुम्ही ह्यांच्यावर विसंबून तीन आठवडे घालवलेत."

मॅडम इंग्रजीत काहीतरी बोलल्या. साहेबांनी इंग्रजीतच उत्तर दिलं. मॅडमनी मान खाली घातली. त्या काय बोलल्या ते त्यांनीच मला नंतर सांगितलं. ज्याला काचेवर काय आहे ते माहीत नाही, मोजायला तोच माणूस चांगला, असं त्या म्हणाल्या होत्या. मग ते मराठीत का नाही बोलल्या? माझ्यासमोर, मला कळेल असं का नाही? आणि मी म्हणते, समजा मी पहिला दाणा खरंच सोडत असेन. तरी दोनशेत एकाचा फरक. एका दाण्याने नापास पूड पास होते का? आणि चूक असलीच तर ती मिठाच्या पाण्याच्या काचेतही तेवढीच असणार ना? चौथी शिकलेल्या बाईला हे कळतं. साहेबांना कळत नव्हतं असं मला वाटत नाही.

मग त्यांनी एक कागद पुढे केला. वर इंग्रजीत, खाली मराठीत. 'माझे शिक्षण अपुरे असल्याने माझ्याकडून मोजणीत चुका झाल्या आहेत.' खाली सहीची जागा.

"घाबरू नका," साहेब म्हणाले. "तुम्हाला कुणी कामावरून काढत नाही. मेंढ्या तुमच्याकडेच राहतील. फक्त हे तीन आठवडे बाजूला ठेवायला कारण लागतं. आणि तुमच्या बहिणीचं मला कळलंय. पूड डॉक्टरांकडे गेली की पहिल्या यादीत त्यांचं नाव घालतो. आधीच्या गोळ्या मात्र बंद कराव्या लागतील, नाहीतर पुडीचा गुण कळणार नाही."

ताईचं त्यांना टेक्निशियनकडून कळलं असणार. मी पेन हातात घेतलं, खाली ठेवलं. सही करणार नाही असंही मी म्हटलं नाही. नुसती उभी राहिले. साहेब म्हणाले, "सोमवारी सांगा." मी शेडमध्ये आले आणि मेंढ्यांचे पाय धुतले, सकाळी धुतलेलेच पुन्हा.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी एक केलं. उरलेल्या काचांवरच्या अक्षरांवर चिकटपट्टी लावली आणि टेक्निशियनला मोजायला दिल्या. तो म्हणाला, "ही काय शाळेतली परीक्षा?" पण मोजल्या, माझ्या दाण्यांनीच. चिकटपट्ट्या काढल्यावर त्याचाही आकडा सारखाच निघाला. पुडीची काच आणि पाण्याची काच, काही फरक नाही. तो बराच वेळ त्या पट्ट्या बोटांत गुंडाळत बसला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मावशी, माझं आत्ताच लग्न झालंय."

मी काही बोलले नाही. मेंढ्या नव्हत्या ना समोर.

शनिवारी जित्याला गेले. ताई उंबऱ्यातच होती. तिला मी सगळं सांगितलं, कागदाचंही सांगितलं. तिला राग येईल तो साहेबांचा, असं मी गाडीत बसल्यापासून धरून चालले होते.

"मग केलीस का सही?"

"नाय."

"का नाय?"

"ताई, ती पूड आनि मिठाचं पानी एकच हाय. मी बघितलंय."

"साहेब एवढा शिकलेला, त्याला नाय कळत. तुला कळतं. तू चौथी."

"चौथीला डोळे नसतात काय?"

"डोळे हायत गो. हातही हायत तुझे." तिने तिचे दोन्ही हात पदरातून काढून माझ्यासमोर धरले. "तुझे चालतात, म्हनून तुला बरोबर आनि चूक दिसतं. एक सही मागितली त्यांनी. तुझं काय जात होतं? तू अडानी हायस हे काय खोटं हाय?"

दाजी बाहेर गेले. मी म्हटलं, गोळ्या बंद करून तुझे हात अजून जातील. ती म्हणाली, गोळ्यांनी पोट जळतं ते तू येऊन सोसतेस का? मी म्हटलं, ताई, मी तुझ्यासाठीच नाही म्हणतेय. ती म्हणाली, माझ्यासाठी असतं तर केली असतीस. तिचे हात गेल्यापासून दर रविवारी तिची वेणी मी घालायचे; त्या रविवारी तिने मला वेणी घालायला पाठ दिली नाही. केस तसेच मोकळे बांधून ठेवले.

सोमवारी मी साहेबांच्या टेबलावर तो कागद कोराच ठेवून आले. मुंबईची माणसं आली त्या दिवशी मला शेडच्या बाहेर यायचं नाही असा निरोप आला. त्यांनी मेंढ्या बघितल्या. एकाने विचारलं, ह्यांची निगा कोण ठेवतं, तेव्हा साहेबांनी माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "फार चांगल्या आहेत ह्या बाई." मेंढ्यांपुरती मी चांगली. तीन आठवड्यांच्या मोजणीचं काय झालं ते मला मॅडमनी सांगितलं. माझी सही नव्हती, तरी कागदावर लिहिलं होतं, 'ही मोजणी अप्रशिक्षित व्यक्तीने केली असल्याने धरलेली नाही.' आधी मी निम्म्या काचा मोजल्या होत्या, त्या मात्र धरल्या होत्या. त्यांच्याखाली टेक्निशियनची सही होती ना. माझे ते आकडेही फुलं भरपूर म्हणत होते, पण ते त्याच्या आकड्यांत मिसळून गेले होते.

चिकटपट्टीच्या काचांचं कुणी नावच काढलं नाही. टेक्निशियनने नाही, आणि मॅडमनीही नाही. दोन महिन्यांनी मॅडम दुसरीकडे लागल्या. जाताना मला एक पेन देऊन गेल्या. मी घेतलं. नको म्हणायला हवं होतं.

मायक्रोस्कोपच्या खोलीत मला मज्जाव झाला. वालाची वाटी कुणीतरी खिडकीत आणून ठेवली होती. वर्षभराने लॅब मुंबईला हलवली, मेंढ्या एका धनगराला दिल्या आणि मी जित्याला परत आले.

आले तेव्हा ताईच्या फडताळात पांढरी बाटली होती. वरच्या कागदावर आमच्याच कंपनीचं चिन्ह होतं, पण पुडीला आता नंबर नव्हता, छान नाव होतं. मी सही केली नाही तरी पूड बाजारात आलीच होती. दाजींनी पेणहून आणली होती. त्यांनाही दोष कसा देऊ, रोज तिचे हुक लावणारा माणूस तो. गोळ्या तिने चार महिन्यांपूर्वी बंद केल्या होत्या. त्या भांडणानंतर मी शनिवारी जित्याला येणं सोडलं होतं, आणि मला कुणी कळवलं नव्हतं. तिची बोटं आता एका बाजूला वळली होती, वाऱ्याने रोपं कलतात तशी. मनगटं लाकडासारखी.

मी तिला जवळजवळ ओढत पेणच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हात बघितले आणि विचारलं, गोळ्या कुणी बंद केल्या? मी बाटली पुढे ठेवली. डॉक्टरांनी ती हातात घेऊन वाचली आणि रागावले ते आमच्यावर. "तुम्ही अडाणी माणसं, मनाला येईल ते घेता, मनाला येईल ते बंद करता. आता ही बोटं सरळ व्हायची नाहीत." बाटली तयार करणारे शिकलेले, ती विकणारे शिकलेले, आणि अडाणी कोण, तर आम्ही दोघी. ह्या पुडीत काही नाही हे मी ह्या डोळ्यांनी मोजलंय, असं मला म्हणायचं होतं. डॉक्टरांच्या मागे भिंतीवर हाडांचं चित्र होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले. गोळ्या पुन्हा चालू झाल्या.

घरी आल्यावर मी चुलीपाशी बसले. ताई भिंतीला टेकून, हात मांडीवर उलटे ठेवून बसली होती.

"तू सही केली असतीस तर मला खरी मिळाली असती," ती म्हणाली.

"खरी म्हंजे?"

"पहिल्या यादीतली. साहेब बोलला व्हता ना. तू त्याचं ऐकलं नाहीस, म्हनून आपल्याकडं ही दुकानातली आली. मिठाच्या पान्यासारखी."

"ताई, खरी आनि दुकानातली एकच हाय. पहिल्यापासून एकच व्हती."

"हे तू म्हंतेस."

"मी मोजलंय."

"तुझी मोजनी तुझ्यापाशी ठेव," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसती दमलेली होती. मग म्हणाली, "भाकरी करतेस ना? भूक लागलीय."

मी भाकरी केली. तिच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि भाकरीचे लहान लहान तुकडे करून आमटीत भिजवले, कारण भाकरी आता तिला मोडता येत नव्हती. मी एकेक घास तिच्या तोंडाशी नेत होते आणि ती माझ्याकडे न बघता खात होती.